जेवढं झाकता येईल तेवढंच

मोठी जागा आणि तिच्यात कमरेएवढं माजलेलं तण दिसलं की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा एकच गोष्ट येते: एकदाचं सपाट करून टाकू. मला मिळालेले सल्लेही याच जातीचे होते. कुणी म्हणालं, पेटवून द्या. कुणी म्हणालं, रोटाव्हेटर फिरवा, तासाभरात मोकळं. तणनाशक मारा म्हणणारे तर इतक्या सहज म्हणत होते की जणू जमिनीला साधं पडसं झालंय आणि दोन गोळ्यांत उतरेल.

घरामागची ही जागा बरीच वर्षं कुणाचाही हात न लागता पडून होती. मोठी म्हणजे शेत म्हणावं इतकी नाही, पण एका माणसाच्या खुरप्याला पुरून उरेल एवढी नक्कीच. तिच्याकडे रोज बघून एक गोष्ट हळूहळू पटत गेली. तण काढणं हे काम अवघड असलं तरी उरकतं. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. काढल्यावर तिथे काय असणार? याचं उत्तर तयार नसेल तर ते जमीन स्वतः देते, आणि तिचं उत्तर आपल्याला आवडत नाही.

पण आधी आत शिरायला हवं होतं. दाट वाढलेल्या जागेत एकदम हात घालू नये, आधी डोळा घालावा. पायात गमबूट, हातात लांब काठी, आणि ती जमिनीवर आपटत सावकाश चालणं. साप असलाच तर त्याला निघून जायला वेळ मिळतो, आणि बहुतेक वेळा तो जातोच. विटांचे ढीग, पत्र्याचे तुकडे, लाकडाचे ओंडके हाताने उचलायचे नाहीत, काठीने किंवा पहारीने कलते करायचे. फांद्यांच्या आत गांधीलमाश्यांचं पोळं आहे का ते लांबून बघायचं. मला फुटक्या काचा आणि गंजलेली तार मिळाली. तार इतकी खोल गुंतली होती की ती सोडवण्यातच एक सकाळ गेली. पेटवून देणाऱ्यांना हे सगळं दिसलं नसतं. आग वरचा पाला जाळते, खाली मुळं आणि बिया बऱ्याचशा सुखरूप राहतात, आणि वारा फिरला तर कुंपणापलीकडचंही पेटतं.

लांबून सगळं एकच हिरवं दिसतं. जवळ गेल्यावर त्यात माणसं वेगवेगळी असतात. गाजरगवत, काटेमाठ, टाकळा, केना ही मंडळी एका हंगामाची. उगवायचं, बी टाकायचं, संपायचं. त्यांचा सगळा भरवसा बियांवर. हरळी आणि लव्हाळ्याचं तसं नाही. ती वर्षानुवर्षं जमिनीखाली ठाण मांडून बसतात, वरचं पान गेलं काय नि राहिलं काय, त्यांना फारसं सोयरसुतक नाही. आणि घाणेरीसारखी झुडपं, ज्यांना विळा लावला तर बुडातून चार नवे फुटवे येतात, त्यांना कुदळ आणि पहारच लागते. हे ओळखल्याशिवाय हत्यार उचललं तर श्रम वाया जातात. विळ्याने कापलेलं गाजरगवत पुन्हा फुटतं आणि बुटक्या उंचीवर फुलं धरतं. उलट, मऊ मातीत बुडाशी धरून ओढलं तर तेच मुळासकट हातात येतं.

गाजरगवताची सुरुवात सगळ्यात आधी केली. ते सगळ्यात त्रासदायक आहे म्हणून नव्हे. पांढरी फुलं दिसायला लागली होती, म्हणून. एकेका मोठ्या झाडाला १५ ते २५ हजार बिया धरू शकतात. आज उपटलेलं एक झाड म्हणजे पुढच्या हंगामातली केवढी खुरपणी वाचली याचा हिशेबच करायला नको. वेळ अगदीच कमी असेल तर माझं मत असं, की बाकी सगळं तसंच राहू द्यावं आणि फक्त फुलावर आलेलं काढावं. जागा पहिल्याइतकीच गबाळी दिसेल, बघणारे हसतील, पण त्या दिवसाचं सगळ्यात किमती काम झालेलं असेल. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जुना सदरा मात्र हवाच. या गवताने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, आणि एकदा त्वचेने त्याचा धसका घेतला की पुढे नुसत्या जवळून जाण्यानेही त्रास होतो.

खुरपणीला मदतीला एक मावशी यायच्या. पहिल्या दिवशी मी ज्या आवेशाने ओढत होते ते त्यांनी थोडा वेळ मुकाट्याने पाहिलं.

"ताई, शेंडा धरून काय ओढताय? बुडाशी हात घाला."

"बुडाशी काटे आहेत हो."

"मग खुरपं कशाला दिलंय?"

त्या उकिडव्या बसून सरकत सरकत पुढे जायच्या. खुरप्याचं टोक मुळाजवळ तिरकं खुपसायचं, मनगट एकदा फिरवायचं, डाव्या हाताने झाड उचलायचं, मुळं खुरप्याच्या मुठीवर दोनदा आपटून माती झाडायची आणि झाड मुळं वर करून मागे टाकायचं. हे सगळं एका श्वासात. मुळं वर करणं हा मला आधी नुसता नीटनेटकेपणा वाटला. पण माती चिकटलेलं झाड मुळं खाली ठेवून टाकलं आणि रात्री पाऊस आला, तर केन्यासारखं तण पडल्या जागी पुन्हा जीव धरतं. त्याच्या कांड्यांनासुद्धा मुळं फुटतात.

त्या दुसऱ्या एका गोष्टीत फार काटेकोर होत्या, ती म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेला की मला लगेच कामाला बसायची घाई असायची, कारण ओल्या मातीतून तण सुटतं. त्या यायच्याच नाहीत. चिखलात तुडवलं की माती दबून घट्ट होते, वाळल्यावर ढेकूळ फुटता फुटत नाही. फार वाळू दिली तर मूळ तुटून आतच राहतं. मधले थोडेच दिवस नेमके असतात. मूठभर माती दाबायची, मूठ उघडायची. गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर भुगा झाला पाहिजे. बोटांना चिकटली तर अजून थांबा. या एका परीक्षेने माझं जितकं काम हलकं केलं तितकं कुठल्या नव्या अवजाराने केलं नाही.

आता लव्हाळ्याबद्दल. त्याच्याबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही.

वरून तो अगदी सभ्य दिसतो. चकचकीत, तीन बाजूंनी निघालेली अरुंद पानं, मधे तिकोनी देठ. ओढला की टचकन तुटतो, आणि आपल्याला वाटतं निघाला. खाली खणून पाहिलं तेव्हा हाताला तारेसारखा काळपट तंतू लागला. माती हळूहळू बाजूला करत त्याच्या मागे मागे गेले, तर हरभऱ्याएवढी एक तपकिरी गाठ, केसाळ सालीची. तिथून पुढे पुन्हा तंतू, पुन्हा गाठ. एक गाठ नखाने फोडली. आत पांढरी, आणि वास उग्र पण सुगंधी. अशी माळ कधी खाली जाते, कधी आडवी वळते, एका रोपाची कुठे संपते आणि शेजारच्याची कुठे सुरू होते ते कळत नाही. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात, पण "बहुतेक" या शब्दावर विसंबून कुणी लव्हाळा संपवलेला नाही.

या माळेची एक खुबी आहे. ती अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात. टोकाकडून त्यांना जणू हुकूमच असतो. माळ तुटली की हुकूम संपला, प्रत्येक गाठ आपापली मालक. म्हणजे रोटाव्हेटर फिरवणाऱ्याला तासाभरात मोकळी जमीन मिळते, आणि थोड्याच दिवसांत पूर्वीपेक्षा दाट लव्हाळा मिळतो. हरळीचंही तेच. तिची कांडी जमिनीवरून पळते, जमिनीखालूनही पळते, आणि ज्या तुकड्याला एक पेर आहे तो तुकडा पुन्हा हरळी होऊ शकतो. पाती जितकी वेगात फिरेल तितकी रोपं जास्त. १९७७ साली तणांचे अभ्यासक लेरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या पिकांतल्या तणांचा आढावा घेऊन सर्वांत उपद्रवी तणांचा क्रम लावला, त्यात पहिला लव्हाळा आणि दुसरी हरळी. दोन्ही माझ्याकडे, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून.

महापुरात झाडं जातात नि लव्हाळी वाचते, हे आपण नम्रतेचा धडा म्हणून लहानपणापासून ऐकतो. खणल्यानंतर माझं मत जरा बदललं आहे. वाकण्याची कला असेलही, पण खाली एवढी गंगाजळी पुरून ठेवल्यावर नम्र राहायला काय जातं!

तरी त्याची दोन दुखणी आहेत. सावली त्याला सोसत नाही, आणि गाठी उघड्यावर कोरड्या पडल्या तर मरतात. म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत लव्हाळ्याचा भाग फोर्कने उलथला, ढेकळं तशीच मोठी, उलटी ठेवली, आणि काही दिवसांनी पुन्हा पलटली. कुदळीपेक्षा फोर्क बरा, कारण त्याचे दाते माळ कापत नाहीत, उचलतात. मधे एक सर आली असती तर सगळं मुसळ केरात. आली नाही, हे माझं नशीब. जे वाचले ते पुन्हा उगवले, आणि पानं चार-पाच झाली की पुन्हा उपटले. प्रत्येक वेळी वरचं पान काढलं की गाठीला आपल्या साठ्यातून नवं पान घालावं लागतं. पानाला तो साठा परत भरायची संधीच द्यायची नाही, एवढंच. यात शौर्य काही नाही, चिकाटी आहे, आणि ती मला जन्मतः मिळालेली नाही.

तणनाशकाचाही विचार केला. ग्लायफोसेटसारखं औषध पानांतून मुळापर्यंत उतरतं, हरळीसारख्या बहुवर्षी तणावर त्याचा उपयोग होतो, हे खरं आहे. पण मातीत पडून असलेल्या बियांना ते काही करत नाही. सगळं वाळून गेल्यावर उरते ती उघडी जमीन आणि तिच्यातल्या बिया. माझा प्रश्न पुन्हा होता तिथेच. मी ते वापरलं नाही. ज्यांना वापरायचं असेल त्यांनी आपल्याकडचे नियम आणि डब्यावरची सूचना वाचूनच वापरावं.

बियांचं प्रकरण किती जुनाट असतं याचा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेत मिशिगनमधले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बील यांना शेतकऱ्यांचा साधा प्रश्न सोडवायचा होता: तणाचं बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं? १८७९ साली त्यांनी २० बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत ओलसर वाळूत मिसळलेल्या २१ जातींच्या ५०-५० बिया, आणि पाणी साचू नये म्हणून तोंडं खाली कलती ठेवून बाटल्या पुरल्या. दर पाच वर्षांनी एक उकरायची असं ठरलं होतं. बिया मरेनात, म्हणून पुढच्या पिढ्यांनी ते अंतर आधी दहा आणि मग वीस वर्षांचं केलं. २०२१ साली उकरलेल्या बाटलीतल्या व्हर्बास्कम नावाच्या तणाच्या बिया उगवल्या. पुरल्यापासून १४२ वर्षांनी! शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. प्रयोग सुरू करणारा माणूस १९२४ मध्येच गेला. आपण "एकदाचं साफ करू" म्हणतो तेव्हा समोर कोण बसलंय याचा थोडा अंदाज असलेला बरा. सगळीच बियाणी इतकी चिवट नसतात. बरीचशी काही वर्षांत कुजतात, किड्यामुंग्या खातात. पण एका चौरस मीटर मातीत ती हजारोंच्या संख्येने असू शकतात, त्यामुळे थोडी वाचली तरी पुरतात.

या बाटल्या रात्री, अंधारात उकरतात. जागा गुप्त राहावी हा एक हेतू, आणि बियांवर उजेड पडू नये हा दुसरा. अनेक बारीक बियांना उगवायला प्रकाशाची खूण लागते. १९५२ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ हॅरी बोर्थविक आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स यांच्या गटाने लेट्यूसच्या बियांवर हे दाखवलं. तांबड्या प्रकाशाचा झोत पडला की उगवण सुरू, त्यामागून अतिलाल, म्हणजे तांबड्याच्या जरा पलीकडचा, प्रकाश दिला की बंद. शेवटचा प्रकाश कोणता, यावर निर्णय. पानांच्या गर्द सावलीत तांबडा प्रकाश पानंच शोषून घेतात, खाली उतरतो तो जास्त करून अतिलाल, त्यामुळे खालच्या बीला वर गर्दी असल्याचं समजतं आणि ते थांबतं. कुदळीच्या एका घावाने खोलवरचं बी वर येतं, त्याला क्षणभर ऊन लागतं, आणि त्याच्या लेखी मैदान मोकळं झालेलं असतं. म्हणजे मी जितकं जोमाने खणत होते तितक्या जोमाने दवंडी पिटत होते.

हे कळल्यावर कामाची रीतच बदलते. खोल खणाई एकदाच. मग वाफा सारखा करून, जणू उद्या पेरणी आहे अशा थाटात त्याला पाणी द्यायचं आणि काहीच पेरायचं नाही. काही दिवसांत मातीवर हिरवी लव उभी राहते. तिला दोन पानं फुटली की कोरड्या दिवशी खुरप्याने वरची बोटभर मातीसुद्धा न हलवता नुसतं खरवडायचं. असं परत एकदा केलं की वरच्या थरातल्या बियांचा भार चांगलाच उतरतो. खालच्या राहिल्या खाली. त्यांना उठवायचं नाही.

आणि लगेच झाकायचं. इथे मी हट्टी आहे. मोकळी, खुरपलेली, काळीभोर जमीन डोळ्यांना फार सुखावते, कबूल. कंबर धरलेली असते, संध्याकाळचं तिरकं ऊन असतं, फोटो काढावासा वाटतो. पण उघडं राहणं जमिनीच्या फायद्याचं नाही. पाऊस थेट आदळला की वरची माती वाहते, ऊन तापलं की ओल उडते. तण खरं तर ती जखम बुजवायलाच धावत असतं. त्याने यायला नको असेल तर ते काम आपण करायला हवं. म्हणून जेवढं झाकता येईल तेवढंच एका वेळी उघडायचं. सगळी जागा एकदम मोकळी करण्यातलं समाधान आठवडाभराचं असतं, आणि त्याची खुरपणी वर्षभराची.

झाकायला काय वापरायचं हे जागेवर अवलंबून. ज्या भागाची पाळी लांब होती त्यावर काळं जाड प्लास्टिक अंथरून कडा विटांनी दाबल्या. उजेड नाही तर अन्न नाही. एका हंगामात हंगामी तण तिथे संपतं, हरळी पिवळी पडून अशक्त होते. लव्हाळा मात्र आपल्या सुईसारख्या टोकाने प्लास्टिक भोसकून वर येतो. तो आला तेव्हा रागापेक्षा कौतुकच जास्त वाटलं. उन्हाचाच उपयोग करायचा असेल तर उलट पारदर्शक पातळ प्लास्टिक लागतं. ही सौरतापनाची पद्धत इस्राएलच्या याकोव्ह काटान यांच्या गटाने १९७६ मध्ये मांडली. माती ओली करायची, प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या, आणि ऐन उन्हाळ्याचे चार ते सहा आठवडे हलवायचं नाही. वरच्या थरातल्या बऱ्याच बिया आणि रोगजंतू शिजून जातात. काळ्या प्लास्टिकने तेवढी उष्णता आत जात नाही. पण ढगाळ दिवसांत पारदर्शक प्लास्टिकखाली तणाला ऊबदार घरच मिळतं, तेव्हा ऋतू पाहून.

तयार झालेल्या वाफ्यांवर मी चिकटपट्ट्या काढलेला जाड पुठ्ठा, ओला करून, कडा एकमेकांवर चढवून, आणि त्यावर तीन-चार इंच पालापाचोळा घालते. फट राहिली की हरळी नेमकी तिथूनच डोकं काढते. जिथे लगेच काही लावायचं नव्हतं तिथे ताग दाट पेरला. तो भराभर वाढतो, खाली सावली करतो, आणि फुलावर यायच्या सुमारास कापून जमिनीत घातला की खतही होतं. लव्हाळ्याला न मानवणारी सावली अशी फुकट मिळते.

काढलेल्या तणाचं काय, हाही एक धंदाच आहे. फुलाआधीचं कोवळं तण थेट कंपोस्टमध्ये. बी धरलेलं नको. बहुतेक बिया मरायला ढिगाचं तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर बरेच दिवस टिकावं लागतं, आणि घरगुती ढीग मधे तापला तरी कडेला गारच असतो. हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी तर ढिगात कधीच नाही. त्या आधी उन्हात खडखडीत वाळवायच्या, नाहीतर झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून पार कुजू द्यायच्या. बादली खिडकीपासून लांब ठेवावी. याहून जास्त वर्णन करत नाही.

आता कडेची गोष्ट राहिली. मधली जागा कितीही निगुतीने केली तरी हरळी कुंपणाखालून येतेच, म्हणून कडेला वीतभर खोल चर खणून ठेवली आहे आणि तिच्यात डोकावणाऱ्या कांड्या अधूनमधून छाटते. एक कोपरा मात्र मुद्दाम तसाच ठेवला. तिथे केना आहे, टाकळा आहे, मधमाश्या आणि फुलपाखरं दिवसभर असतात. बी धरायच्या आत तिथलं गाजरगवत तेवढं काढते, बाकीच्यांना राहू देते. शेजाऱ्यांना तो कोपरा आळसाचा वाटतो. वाटू दे.

निम्म्याहून जास्त जागा अजून काळ्या प्लास्टिकखाली आहे, आणि येणाराजाणारा विचारतो, "अजून झालं नाही?" पुढचा वाफा उघडण्याइतका पाला सध्या नाही. माझा साठा गुडघ्यापर्यंतसुद्धा आलेला नाही, आणि पुठ्ठेही दोनच उरलेत. तेवढे जमले की फोर्क काढायचा.